नव्या शर्टाचा दर

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांचा तुटवडा नाही. त्यातल्याच एका कारखान्यात मी मशीनवर बसते, आणि माझ्याइतका चपळ हात तिथं कुणाचाच नाही. हे मलाच सांगावं लागतंय, कारण दुसऱ्या कुणी सांगायचं नाही असं आम्हा बायकांत ठरलेलं आहे.

त्याचं कारण असं. आम्हाला मजुरी नगावर. नव्या शाळेचा नवा नमुना आला की एरवी इकडे न फिरकणारे मालक एका बाईला तो शिवायला बसवतात, मोबाईलवर वेळ लावून शेजारी उभे राहतात आणि तिला जेवढा वेळ लागेल त्यावर सगळ्यांचा दर बांधतात. वेळ कमी लागला की दरही कमी. म्हणून त्या दिवशी आमचे हात एकदम जड होतात.

गेल्या सीझनला दोन खिशांचा शर्ट आला आणि मालकांनी नेमकं माझ्याकडे बोट दाखवलं. शेजारच्या मशीनवरची अक्का कुजबुजली, "सावकाश गं बाई. सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न हाय."

मग मी काय नाटक केलं म्हणता! दोरा तीनदा तोडला. भरलेली बॉबिन उघडून पाहिली. कॉलर उलटी लावली, उसवली, परत लावली. सुई ओवताना ती पार नाकाशी धरली. मागे बायकांनी तोंडात पदर कोंबले होते. एरवी तेवढ्या वेळात मी दोन शर्ट हातावेगळे करते.

मालकांनी दर सांगितला. चांगला घसघशीत होता. मी मनातल्या मनात नाचत होते.

मग ते म्हणाले, "ताई, नमुने शिवायला एक कायमची बाई घ्यायची होती. महिन्याचा पगार, सुट्टीचेही पैसे. तुमचा हात चपळ आहे असं ऐकून होतो. पण हे बघून... तब्येत बरी आहे ना?"

महिन्याचा पगार म्हणजे काय, ते नगावर जगणाऱ्या बाईला विचारा. पोरगी तापानं फणफणली तरी मी मशीन सोडलेली नाही. आत्ता एक शर्ट झरझर शिवून दाखवला असता तर जागा माझी होती आणि सगळ्यांचा दर खाली आला असता. एकही मशीन चालू नव्हती. अक्का माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मला भयंकर राग आला, मालकांचा, अक्काचा आणि माझ्या नाटकाचाही.

"तब्येत बरी हाय की मालक," मी म्हटलं. "वय झालं आता."

मी चौतीस वर्षांची होते. मालकांनी लगेच मान डोलावली, ते मात्र मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.