काकवी, चिंच आणि वेगळं ताट

निपाणीजवळच्या अक्कोळातल्या लक्ष्मीबाईला सगळं गाव आक्का म्हणायचं. पोटचा पोरगा गोमटेश, तोसुद्धा आक्काच म्हणायचा. बाई मूठभर, पण तिच्या सैपाकघराच्या उंबऱ्याबाहेर भलेभले अदबीनं उभे राहायचे. गावात मुनी महाराज आले की त्यांच्या आहाराचा चौका लावायचा मान आक्काच्या घराला. चौका म्हणजे खेळ नव्हे. पाणी विहिरीचं आणि गाळलेलं, पीठ त्याच दिवशी जात्यावर दळलेलं, धान्याचा दाणा न् दाणा नजरेखालून घातलेला. आक्का हे सगळं करायची आणि वर दुसऱ्या बायकांनी केलेल्यातल्या चुकाही काढायची. नवरा बाळगोंडा जिवंत होता तोवर म्हणायचा, "हिच्या चुलीजवळ जायचं तर मलाबी परीक्षा द्यावी लागती."

आता अशा घरातला एकुलता एक पोरगा जहाजावर आचारी झाला, याला काय म्हणावं! बेळगावात हॉटेलचं शिक्षण घेतलं, आणि परदेशी पाहुणे फिरवणाऱ्या मोठ्या जहाजावर नोकरी लागली. आक्कानं थयथयाट केला, दोन वेळा जेवली नाही, आणि शेवटी पोराचा हात धरून त्याला बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, भगवंतापुढं उभं केलं. "मांस-मासळी तोंडाला लावणार न्हाय, म्हण." तो म्हणाला. मग तिनं डोळे पुसले आणि त्याच्या बॅगेत कारळ्याच्या चटणीचा डबा कोंबला.

जहाजाच्या भटारखान्यात त्याला सॉस करायचं काम मिळालं.

"सॉस म्हंजे काय रं?" आक्कानं फोनवर विचारलं.

"चटणीच की गं. पातळ."

झालं! दुसऱ्या दिवशी गावभर झालं, आक्काचा गोमटेश साऱ्या जगाच्या चटण्या करतोय. आणि खरं सांगायचं तर ती पहिली दोन वर्षं आक्काच्या आयुष्यातली सगळ्यात गोड वर्षं. जहाज किनाऱ्याला लागलं की फोन यायचा, आणि पोरगा आईला एकेका चटणीचं कूळ-मूळ सांगत बसायचा.

"आक्का, टोमॅटो सॉसात आधी टोमॅटो न्हवताच. चीन-व्हिएतनामकडं खारवलेल्या मासळीचं पाणी करत्यात, त्याची चव इंग्रजांना लागली. त्यांनी घरी जाऊन अळंब्या, अक्रोड घालून नक्कल केली. टोमॅटो पडला तो लई मागनं, अमेरिकेत."

"शी, शी! आणि लग्नात समोशाबरोबर वाढतात ते?"

"आता त्यात मासळी न्हाय गं. खा तू खुशाल."

तरी आक्कानं ते पुन्हा तोंडाला लावलं नाही. ती तशीच होती.

मग सोया सॉस. सोयाबीन शिजवायचं, गव्हाबरोबर कालवून बुरशी चढू द्यायची, आणि मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरत ठेवायचं. आक्का म्हणाली, "आपल्या शिवारातलं सोयाबीन भिजून बुरशी आली तर व्यापारी तोंड फिरवतोय, आणि तिकडं मुद्दाम आणतात व्हय?" मेक्सिकोत मिरचीच्या सॉसात चॉकलेट घालतात, हे ऐकून ती इतकी हसली की शेजारची मालुबाई काय झालं बघायला आली. पण मिरची मुळात तिकडचीच, हे मात्र तिनं ऐकून घेतलं नाही.

"जा रं, शहाण्या! संकेश्वरची मिरची कुठनं येणार? संकेश्वरातनं येणार."

"टोमॅटोबी तिकडचा, आणि चिंच आफ्रिकेतली."

"मग आपलं काय हाय रं?"

"काकवी. उसाचा रस आटवून गूळ करायला जगाला आपणच शिकवलं म्हणत्यात." हे मात्र आक्काला एकदम पटलं.

दुसऱ्या सुट्टीला तो आला तेव्हा चातुर्मास तोंडावर आला होता. गावात मुनी महाराज येणार होते. आक्का भांडी घासून घासून त्यात तोंड बघत होती. गोमटेश उंबऱ्यात बसला आणि म्हणाला, "आक्का, एक सांगायचंय. सॉस करणाऱ्याला चाखावं लागतंय. पहिलं वर्ष मी नुसत्या वासावर काढलं. दुसऱ्याला चाखायला लावायचो. पण मोठ्या आचाऱ्यानं सांगितलं, स्वतः चाखणार नसशील तर भांडी घासायला जा. कशाकशात मासळी असती. जिभेला लावतो आणि थुकतो."

आक्काच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"थुकलं तरी लावलंसच की."

"व्हय."

बघा, खोटं बोलला असता तर काही बिघडलं नसतं. जहाजावर कोण बघायला जाणार होतं? पण पोरगं आईवर गेलं होतं.

त्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, आक्कानं डब्याच्या तळातलं एक कडा दुमडलेलं स्टीलचं ताट काढलं आणि बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं. आमच्या भागात मांस-मासळी खाणाऱ्या पाव्हण्याला असं वेगळं ताट देतात. गडीमाणसाला देतात. पोटच्या पोराला दिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. मालुबाई दबक्या आवाजात म्हणालीसुद्धा, "आक्का, पोरगा हाय गं तुझा." तर आक्का म्हणाली, "म्हणून तर. परक्यानं भगवंतापुढं शब्द दिला न्हवता."

गोमटेश कट्ट्यावर बसून जेवला. सुट्टीभर तिथंच जेवला. जेवण झालं की ताट बाहेरच्या नळावर स्वतः धुवायचा आणि न्हाणीच्या भिंतीवर पालथं घालायचा. जायच्या दिवशी पाया पडला आणि म्हणाला, "आमटी बरी झालती, आक्का." बस निपाणीच्या रस्त्याला दिसेनाशी होईस्तोवर आक्का दारात उभी होती. पण चौका पार पडला. महाराजांचा आहार निर्विघ्न झाला, आणि गावानं आक्काची वाहवा केली.

त्यानंतर तो घरी आला नाही. फोन यायचे, पण त्यातल्या चटण्या गेल्या. "जेवलास?" "जेवलो." "तू?" "मीबी." आक्का मनात म्हणायची, पुढच्या सुट्टीला आला की आत बसवू. महाराजांना विचारू, काही प्रायश्चित्त असेल ते घेऊ, पण आत बसवू. फोनवर मात्र हे एकदाही बोलली नाही. हट्टी माणसाची माया अशीच, पोटात असते आणि ओठावर येत नाही.

आणि मग एके दिवशी कंपनीचा फोन आला. काम करताना छातीत कळ आली आणि गोमटेश गेला. तेहेतीस वर्षांचं पोरगं! देह गोव्यात विमानानं आला, तिथून गाडीनं गावात आला. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावणार? आक्का रडली नाही. लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं. लोकांना काय!

पेटी मागाहून आली. तिच्यात कपडे, बूट, सुऱ्यांची गुंडाळी, आणि चड्डी-बनियनच्या घड्यांत जपून ठेवलेली एक काचेची बाटली. वर काही लिहिलेलं नव्हतं. आत काळपट पातळ काहीतरी. आक्कानं बूच काढलं आणि मटकन खाली बसली. चिंच! काकवी! मागनं लवंग! हा तर तिच्याच सैपाकघराचा वास. मग तिला जे रडू फुटलं ते मालुबाईला ऐकू गेलं.

आता ही बाई अशी, की लोणचं जुनं झालं तर जीव पडला असेल म्हणून खायची नाही. पण त्या बाटलीपुढं तिनं सगळे नेम गुंडाळले. तिनं मनाशी ठरवून टाकलं, हे पोरानं माझ्यासाठीच केलंय. मासळीचं असतं तर असं कपड्यांत जपलंच नसतं, माझ्या पोरानं मला कधी फसवलं नाही. रोज जेवताना भाकरीवर एक थेंब. तेवढ्यापुरतं पोरगं शेजारी बसून जेवतंय असं वाटायचं. घर भरल्यागत व्हायचं. पण थेंब थेंब करून बाटली उतरत चालली, आणि आक्काला धास्ती बसली. हे संपलं की गोमटेश संपला.

मग तिनं स्वतः करायला घेतलं. चिंच कोळली, काकवी घातली, लवंग-मिरी कुटून टाकली. बरं लागलं, पण ते नव्हे. चिंच बदलून बघितली, काकवी आटवून बघितली. सार होत होतं, आमटी होत होती, पोराच्या हातचं होत नव्हतं. काहीतरी एक कमी पडत होतं, आणि ते काय ते तिला उमगत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर लोंढ्याचा युवराज भेटायला आला. जहाजावर गोमटेशच्या शेजारी काम करायचा. पेटी त्यानंच भरली होती. आक्कानं त्याला जेवायला बसवलं, आणि वाढता वाढता फळीवरची बाटली काढून त्याच्यासमोर ठेवली. तळाला थोडंच उरलं होतं.

"बरं झालं आलास बाबा. यात काय काय घालायचा रं तो? मला करायचंय. मला एक जिन्नस सापडंना झालाय."

युवराजनं बाटलीकडं बघितलं, मग आक्काकडं. "काकू, ही तुम्ही... खाताय?"

"रोज. सांग की. चिंच मला कळली, काकवी कळली."

"व्हिनेगर," तो घास खाली ठेवत म्हणाला. "लवंग. मिरी. कांदा-लसूण."

कांदा-लसूण म्हटल्यावर आक्काचा चेहरा पडला. तोही तिनं कधीचाच सोडला होता. तरी ती म्हणाली, "बरं. आणि?"

युवराजनं बाटली उचलून बाजूला सरकवली.

"आणि रं?"

"काकू, मी ती आठवण म्हणून ठेवलती हो. तुम्ही खाल असं मला सपनातबी आलं न्हवतं." त्यानं ताट बाजूला सारलं. "त्यात मासळी असती. बारकी, खारवलेली. विरघळून जाती, दिसत न्हाय. इंग्रजांचा जुना सॉस हाय त्यो."

आक्काचा हात आपोआप तोंडावर गेला. कमी पडत होतं ते हे!

युवराज घाईघाईनं सांगत सुटला. "गोमटेशनं ही नमुना म्हणून समोर ठेवायला केलती. ह्याच चवीचं बिनमासळीचं करायचं म्हणून वर्षभर खपत होता. अळंबी घालून बघितली, मग म्हणाला आक्का अळंबी खात न्हाय. सोया घातला, तर त्या मुरवलेल्याला आक्का नाक मुरडंल. मला चाखायला लावायचा. जमलं का म्हणायचा. सुट्टी टाक की रं म्हटलं, तर म्हणायचा, हे जमू दे. आक्काच्या सैपाकघरात जायला हातात काहीतरी पाहिजे."

आक्कानं बाटलीला बूच लावलं. मग उठली, बाहेर गेली. न्हाणीच्या भिंतीवर ते ताट अजून पालथंच होतं, त्यानं घातलं होतं तसं. पावसापाण्यानं डागळलेलं. तिनं ते नळाखाली धुतलं, त्यात आपली भाकरी घेतली, चटणी घेतली, आणि कट्ट्यावर जाऊन बसली.

युवराज धावला. "काकू, आत चला. नकळत झालंय तुमच्याकडनं. त्याला काय पाप असतंय व्हय?"

"त्याच्याकडनंबी पोटापायी झालतं रं," आक्का म्हणाली. "तोंडानं कबूल केलं त्यानं. आणि मी माझं पोरगं घराबाहेर बसवलं, युवराज. माझं पोरगं! चुकलं माझं." भाकरी तिनं दिवस मावळायच्या आत सगळी संपवली आणि मगच उठली.

पुढच्या चातुर्मासात बायका बोलवायला आल्या, तर आक्का म्हणाली, चौका मालुबाईकडं लावा, माझी चूल आता त्या कामाची न्हाय. मालुबाईनं लई समजावलं, प्रायश्चित्त घे म्हणाली. आक्का म्हणाली, घेतलंय. बाटलीतलं उरलेलं तिनं खाल्लं नाही आणि सांडलंही नाही, बूच घट्ट लावून पेटीत ठेवलं. जेवते ती अजून कट्ट्यावरच, त्याच ताटात. जेवण झालं की ताट धुऊन न्हाणीच्या भिंतीवर पालथं घालते, तो घालायचा तिथंच.