माघीकाकीची टोळी

भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली की पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावरची माघी वारघडे आपली दोन वावरं आधी उरकून घेते आणि मग दुसऱ्यांच्या बांधांवर जाऊन बसते. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पाय चिखलात. काम करत नाही, नुसती बघते.

"काकी, टीव्ही बघायला आलीस का?" वावरातून कोणीतरी ओरडतं.

"तुमचीच शिरेल लागलीय," ती म्हणते. "आवणी कमी, भांडणं जास्त."

इकडे आवणी सावडीने होते. आज पाच घरं माझ्या वावरात, उद्या तीच पाच घरं तुझ्या वावरात. वर्षानुवर्षं एका ओळीत वाकलेल्या माणसांचे हात एकमेकांना ओळखायला लागतात. रोपांची मूठ मागे न बघता कोण कोणाला देतं, कोण लवकर रुसतं, दुपारी कोणाचा वेग पडतो आणि कोणी गाणं धरलं की तो परत येतो, हे सगळं माघी डोक्यात साठवत असते. तिला लिहिता येत नाही. दिवाळीनंतर बांधकामाची कामं निघाली की हीच सावड ती अख्खी उचलून ठेकेदाराकडे नेते. एकेकटा माणूस ती नेत नाही. लोक तिला मुकादम म्हणतात. ठेकेदार तिला माणशी काहीतरी देतो, मजुरांकडून ती काही घेत नाही.

बारा वर्षं ती जव्हारच्या गुलजारभाईंना माणसं देत होती. गुलजारभाईंचे वडील सुतार, ते स्वतः ठेकेदार झाले. शाळेच्या खोल्या, पाण्याच्या टाक्या, दवाखान्याची भिंत अशी त्यांची कामं. त्यांची मुलगी फलक नाशिकला कॉमर्स शिकून आली आणि गेल्या वर्षापासून ऑफिसात बसू लागली. गेल्या दिवाळीच्या आधी तिने वडिलांना एक साधा प्रश्न विचारला.

"अब्बा, ही माघीबाई नेमकं करते काय?"

"माणसं आणते."

"माणसं तर खोडाळ्याच्या बाजारात उभीच असतात. सगळ्यांकडे फोन आहेत. मग मध्ये ती कशाला?"

तिची माणसं आली की काम नीट होतं, एवढंच गुलजारभाईंना माहीत होतं. ते का होतं, याचा विचार करायची वेळ बारा वर्षांत आली नव्हती.

प्रश्न चुकीचा नव्हता. फलकने ठाण्याची एक एजन्सी शोधली. मजुराने फोनवर फॉर्म भरायचा. त्यात नाव, वय, अनुभव, फोटो. एजन्सी त्यातून निवडून माणसं पाठवणार. माघीला निरोप दुसऱ्याकडून जाऊ नये म्हणून तिने स्वतःच फोन केला. "काकी, या वर्षी आम्ही दुसरीकडून माणसं घेतोय."

"बरं गं बाय," माघी म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी ती अंगणात बसून टोळीची घरं मोजत होती. चार सावडी, वीस घरं तिच्या शब्दावर थांबलेली. काम मिळालं नाही तर कोणी भिवंडीला जाईल, कोणी वसईच्या वीटभट्टीवर, जो तो आपापल्या वाटेने. टोळी एकदा फुटली की परत बांधायला दहा आवण्या लागतात. टोळीच नसेल तर मुकादम तरी कशाची?

त्यातच तिच्या टोळीतल्या चौघांनी गुपचूप फॉर्म भरले. रघ्या तेवढा सांगायला आला.

"काकी, त्यांना माझा फोटो पसंत पडला."

"फोटोच पसंत पडणार, बाबा. तुला कुठं बघितलंय त्यांनी?"

रघ्या हसला, पण जाताना त्याने मान वर केली नाही.

काम होतं जव्हारच्या बाहेर, मुलींच्या वसतिगृहाचं. एजन्सीने चौदा गावांतून तीस जण निवडून पाठवले. एकही आळशी नव्हता. खोदाई झाली, विटा चढल्या, फलकच्या वहीत सगळं वेळेवर होतं. मग दारापुढच्या छोट्या स्लॅबचा दिवस आला.

स्लॅबला माल खंड न पडता वर जावा लागतो. मिक्सरपासून शिडीपर्यंत, शिडीवरून फळ्यांवर, फळ्यांवरून छतावर माणसांची रांग लागते आणि काँक्रीटने भरलेलं घमेलं या हातातून त्या हातात जातं. त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात जोर होता, पण हात एकमेकांना लागत नव्हते. उंच माणसापुढे बुटकी बाई उभी. एकाचा झपाटा, पुढच्याकडे घमेल्यांचा ढीग. दोघींची बोलण्यावरून जुंपली, तेव्हा रांग दहा मिनिटं तशीच उभी राहिली. दुपारपर्यंत संपायचं काम दिवस मावळताना संपलं. इंजिनीअरने छतावर चढून सांधा दिसत होता त्या दोन ठिकाणी हात फिरवला.

"येत्या गुरुवारी मोठा स्लॅब आहे," तो म्हणाला. "तो असा थांबत थांबत टाकलात तर मी सही करणार नाही."

दुसऱ्या दिवशी फलक स्कूटरवरून पोशेऱ्याला आली. माघी अंगणात नागली पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही.

"काकी, गुरुवारी स्लॅब आहे."

"तुझी फोटोवाली माणसं हायेत ना?"

"आहेत. मजबूत आहेत. पण..."

"पण हात लागत नाय."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"रघ्या आलता काल. म्हणं, माझ्या पुढचा डावखुरा, दर घमेल्याला निम्मं सिमेंट माझ्या छातीवर." माघीने आता सूप खाली ठेवलं. "बस. चहा पिणार का काळा?"

चहा पिता पिता माघीने आपली अट सांगितली. माणसं तिची आणि रांगही तीच लावणार, इंजिनीअर नाही की फलक नाही. फलकने मान डोलावली आणि आपलीही एक अट घातली.

"सगळ्यांचे फॉर्म भरायचे. नाव, आधार, फोटो. कोणी पडलं, कोणाला लागलं तर विमा मिळतो. काकी, बारा वर्षांत तुम्ही कोणाचं नाव कागदावर घातलंत?"

तीन वर्षांपूर्वी माघीच्या टोळीतल्या गोकुळचा कामावर पाय मोडला होता. गुलजारभाईंनी दवाखान्याचं सगळं पाहिलं, कारण ते गुलजारभाई होते. दुसरा कोणी असता तर?

"नाय घातलं," ती म्हणाली. "भर."

"आणि एजन्सीच्या माणसांतली सुनिता रांगेत राहील. ती कष्टाळू आहे, तिला मी काढणार नाही."

"कोण सुनिता?"

"तुमच्याच गावची. खालच्या पाड्यावरची."

माघीला एकदम चेहरा आठवला. नवऱ्याने सोडल्यावर भावाकडे परत आलेली. स्वतःचं वावर नाही. म्हणजे सावडीत येऊन कोणाच्या शेतात राबली, तरी फेड म्हणून कोणी तिच्या शेतात यावं असं शेतच नाही. त्यामुळे कोणत्याच बांधावरून माघीला ती कधी दिसली नव्हती.

गुरुवारी उजाडायच्या आत माघी अजून गावात थांबलेली आपली माणसं घेऊन साइटवर उतरली. एजन्सीच्या लोकांना तिने खडी-वाळूवर आणि मिक्सरवर लावलं, तिथे ज्याचा तो मोकळा असतो. मग सावडी ओळखून रांग लावायला घेतली. आपल्यातल्या डावखुऱ्याला डावीकडच्या वळणावर, एकमेकांवर चिडणाऱ्या भावकीला रांगेच्या दोन टोकांना. सुनिता बाजूला उभी होती. माघी जवळ आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "काकी, पाच वर्षं तुमच्या टोळीची जीप कामाला जाताना बघते मी. तुमी कधी हाक मारली नाय. त्या फोनमधल्या फॉर्मनं मारली."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून माघीला ते जास्त लागलं. तिने सुनिताला दहा घमेली उचलायला लावली. पाठ कशी वाकते, मनगट कुठे वळतं ते बघितलं. आणि तिला शिडीच्या वरच्या पायरीवर नेलं. रांगेतली सगळ्यात अवघड जागा ती. खालून आलेलं ओझं तिथे दिशा बदलतं.

"ती माझी जागा हाये," माघीची जाऊ पुष्पा म्हणाली.

"आज तिची."

"आणि तिनं पाडलं तर?"

"तर उद्यापासनं मुकादम तू."

रांगेत हशा पिकला. पुष्पा तोंड वाकडं करत दोन पायऱ्या खाली उतरली.

मिक्सर फिरू लागला. पहिली वीस घमेली माघी शिडीखाली मोजत उभी होती. एकविसाव्याला खालून कोणीतरी आवणीचं गाणं धरलं. सुनिताला ते गाणं यायचं. भावाच्या ओट्यावर बसून ऐकलेलं. तिने हात गाण्यावर सोडले. त्यानंतर रांग दोनदाच थांबली, दोन्ही वेळा मिक्सरमुळे. तीन वाजायच्या आत छत भरलं. इंजिनीअर वर गेला, खाली आला. सही केली आणि चहा मागितला.

"आता सांगा अब्बा, ती नेमकं करते काय?" फलकने विचारलं.

"मला अजूनही नाही कळलं," गुलजारभाई म्हणाले. "तुला कळलं असेल तर एजन्सीवाल्यांना कळव. त्यांच्या फॉर्ममध्ये तेवढा रकाना नाही."

संध्याकाळी हौदावर घमेली धुताना माघी फलकजवळ येऊन उभी राहिली. हात ओलेच होते.

"बाय, त्या तुझ्या फोनात आमच्या गावातनं आणखी किती जणांनी नाव घातलंय?"

फलकने बघितलं. "पोशेऱ्यातून स्वतःहून भरणारे बारा. चार तुमच्या टोळीतले, एक सुनिता. बाकी सात."

"वाच."

फलक एकेक नाव वाचू लागली. प्रत्येक नावावर माघी थांबवायची. ही अमक्याची लेक, हा तमक्याचा भाचा, आईबरोबर राहतो. त्यातली दोन नावं तिला लागेनात. ज्या गावात ती जन्मभर बांधांवर बसून माणसं बघत आली, तिथली दोन माणसं तिला ठाऊक नव्हती.

"परत वाच," ती म्हणाली.

सुनिता घमेलं पालथं घालत होती. वर न बघता म्हणाली, "त्या दोघी बहिणी हायेत, काकी. नाल्यापलीकडं राहतात. मी दाखवते घर."

रविवारी सकाळी माघी आणि सुनिता नाला ओलांडून गेल्या.