मायाक्काची तिरकी कात्री

मायाक्काला कुणी हेल्पर म्हटलं की तिच्या कपाळावरची शीर उडायची. बाप पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तेव्हापासून कारखान्यातल्या त्याच्या हातमागावर तीच चादरी विणत होती, पण हजेरीच्या पुस्तकात विणकर म्हणून नाव बापाचं, आणि हिच्या नावापुढं कायम ‘कांड्या भरणारी बाई’. वीस वर्षं विणून ही बाई विणकर काही झाली नाही. माग बंद पडला तशी ती सोलापुरातच सात रस्ता चौकाजवळ ईश्वरप्पांच्या फायबरग्लासच्या शेडमध्ये कामाला लागली. तिथंही हजेरीत हेल्परच.

ईश्वरप्पा मूळचे मोटारींचे पत्रे ठोकणारे. खुर्च्या आणि पाण्याच्या टाक्या काढता काढता चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांनी एक भलतंच काम अंगावर घेतलं. गावातल्या रायफल क्लबच्या सरावाच्या बंदुकांचे, नळीखालून खांद्यापर्यंत जाणारे लाकडी दस्ते सोलापूरच्या उन्हात वाकडे होत होते. दस्ता वाकला की नळीला टेकतो आणि नेम सरकतो. क्लबचे सेक्रेटरी मानसिंग फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “उन्हा-पावसात जागचा हलणार नाही असा दस्ता करून दाखवा. एक पास झाला की बाकीचे अकराही तुम्हालाच.”

काम दिसायला सोपं होतं. साच्याचे दोन भाग. आत मेण चोळायचं, रंगाचा थर द्यायचा, मग काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड अंथरून त्याला ब्रशनं रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारी चिकट राळ, पाजायची, वर पुन्हा कापड, पुन्हा रेझिन. कडक झालं की दोन्ही भाग जोडायचे आणि घासायचे. कापणं आणि घासणं मायाक्काकडं होतं. काचेची कुसळं अंगात शिरून खाज सुटायची, म्हणून ती हातांना खोबरेल चोपडून बसायची.

सुभेदारांची परीक्षा एकच. दस्ता छातीइतक्या उंचीवरून फरशीवर तीनदा सोडायचा. पहिला दस्ता दुसऱ्याच आपटीला मानेत तडकला. मान म्हणजे मूठ आवळायची ती बारीक जागा. पुढच्या दस्त्याला ईश्वरप्पांनी दोन थर वाढवले, तर तोही बरोबर तिथंच गेला. “आता एक शेवटचा,” ते म्हणाले. “न्हाय जमला तर आपल्या खुर्च्या बऱ्या.”

मायाक्कानं तुटलेली मान उन्हात धरून बघितली. आत कापडाला चुण्या पडल्या होत्या आणि चुण्यांत हवा अडकली होती. तिला हसूच आलं.

“मालक, कापड सरळ कापायला लावताय तुमी. वळणावर सरळ धागा ऐकत न्हाय. तिरकं कापलं की आपसूक बसतंय.”

“मायाक्का, हे लुगडं न्हाय. काच हाय.”

“असंल काच. पण विणलीया की.”

“तिरकं कापलं तर निम्मं कापड वाया जातंय.”

“वाया गेलं तर उद्यापासनं मी येत न्हाय. आन् टिकला, तर मला हेल्पर लिवायचं न्हाय.”

ईश्वरप्पांनी तिच्याकडं बघितलं आणि कात्री तिच्यापुढं सरकवली. घरी दोन पोरं होती आणि दुसरं काम नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी हात थांबला नाही. एक थर सरळ, एक तिरका. मानेवर आली की अंगठ्यानं दाबत जायची. बाळाच्या डोक्याला टोपडं बसावं तसं कापड वळणावर बसलं. एके ठिकाणी बुडबुडा दिसला, तर ओला थर उचलून तिनं नवा घातला. ईश्वरप्पा कुरकुरले. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चौथ्या दिवशी सुभेदार आले. दस्ता एकदा पडला, दोनदा पडला, तिसऱ्यांदाही पडला. फौजी माणूस, त्यांचं एवढ्यानं कुठलं समाधान व्हायला? त्यांनी तो डोक्याच्या उंचीवरून सोडला, मग मान दोन्ही हातांनी पिळून बघितली. एक कोपरा तेवढा खरचटला होता.

“पक्का आहे,” ते म्हणाले आणि क्लबच्या फायलीतला दस्त्याच्या वर्णनाचा कागद काढून बसले. “काय लिहू?”

“अक्रोडाच्या लाकडासारखा म्हणा,” ईश्वरप्पा म्हणाले. “वर रेघा मारून देतो. वळखू यायचं न्हाय.”

“कशाला?” मायाक्का मधेच बोलली. “कापडाचा हाय, तर कापडाचाच लिवा.”

सुभेदारांना ते पटलं. त्यांनी लिहिलं: काचेच्या विणलेल्या कापडाचा दस्ता, मानेत तिरके थर, लाकूड नाही. मग विचारलं, “दस्ता बनवला कुणी?”

ईश्वरप्पांनी नजर वळवली. मायाक्का त्यांच्याकडंच बघत होती.

“लिवा,” ते म्हणाले. “मायाक्का.”

“हुद्दा?”

“विणकर,” मायाक्कानंच सांगितलं.

सुभेदारांचं पेन थांबलं. “बंदुकीच्या दस्त्याला विणकर?”

“व्हय.”

त्यांनी लिहिलं. तिनं तो शब्द त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतला. डोळे भरून आले, ते तिनं खोबरेल आणि काचेची बारीक कुसळं लागलेल्या मनगटानं पुसले आणि मग ते आणखीच चुरचुरले. नाक ओढून तिनं कात्री उचलली.

“बाकीचे अकरा कवा पायजेत?”