अक्कांची झडती

“हात वर कर की गं. डब्याला काय हुतं आज?”

चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात शिफ्ट सुटली, की गेटवरच्या पडद्याआड हा प्रश्न ठरलेला. बायकांची झडती घ्यायला अक्का होत्या. साडीवर निळा शर्ट, खिशाला शिट्टी. आपण उत्तर देईपर्यंत त्यांचे हात कमरेवरून फिरूनही झालेले असायचे. “वांगी,” म्हटलं, की “लई तेल घालू नगं,” एवढं ऐकून बाहेर पडायचं.

पहिल्या दिवशी मला मात्र रडूच आलं. आपण काय चोर आहोत का? अक्कांनी डोळे पुसायला स्वतःचा पदर पुढे केला, आणि झडती घेतलीच. वर म्हणाल्या, “हितनं गेलीस, की तुज्याकडं बोट दाखवायची कुणाची टाप न्हाय.”

तेव्हा काही ते पटलं नाही, खरं सांगते. मग एकदा टॉवेलचा एक गठ्ठा कमी भरला आणि सुपरवायझर आम्हा बायकांवर घसरले. अक्का गेट सोडून थेट आत आल्या. “ह्या पोरी माज्या हाताखालनं गेल्यात. नाव घ्यायचं तर आदी माजं घ्या.” गठ्ठा दुसऱ्या दिवशी गोदामातच सापडला. त्यानंतर आम्ही न सांगता हात वर करायला लागलो.

मागच्या महिन्यात अक्का रिटायर झाल्या. आमच्याच कारखान्यातला टॉवेलचा जोड दिला, फोटो काढले, सगळं झालं. बाहेर कंपनीची बस हॉर्न देत होती. आणि ह्या बाई गेटवर पिशवी ठेवून उभ्या.

“माल बाहेर चाललाय. पास कुटंय?”

“अहो अक्का, तुमचाच आहे की तो.”

“तसं समदीच म्हणत्यात.”

शेवटी मी पळत जाऊन स्टोअरमधून पास आणला. तरी पाऊल उचलेनात. मला पडद्याआड नेलं आणि दोन्ही हात वर केले. “इतकी वर्सं हितं काढली. मागनं कुणी काय बोलाय नगं. बघ नीट.”

माझा हातच उठेना. आईच्या वयाची बाई ती. पण चेहरा बघितला आणि कळलं, हे झाल्याशिवाय त्या जायच्या नाहीत. मी कमरेला हात लावला मात्र, अक्का खुदकन हसल्या आणि भिंतीला टेकल्या.

“हळू की गं, गुदगुल्या व्हत्यात.”

एवढ्या वर्षांत त्यांची झडती कुणी घेतलीच नव्हती. हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी विचारलं, “डब्याला काय होतं आज?”

“शेंगाची चटणी,” म्हणाल्या, आणि ती कशी कुटायची ते सांगायला लागल्या. तेवढ्यात मी झडती उरकली आणि पडदा बाजूला केला.

“या, अक्का,” म्हटलं. जा म्हणवेना.