दाजींचा नंबर

वाट बघण्याच्या कामात आमच्या दाजींचा हात धरील असा माणूस साऱ्या इंग्लंडमध्ये नव्हता. हे विधान मी जबाबदारीने करतो. पुण्याच्या एका दैनिकात मी अकरा वर्षं डेस्कवर बसून दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या आहेत, आणि 'एकमेव', 'सर्वांत', 'पहिलाच' हे शब्द दिसले की माझा हात अजूनही आपोआप ते खोडायला जातो. दाजींच्या बाबतीत तो जात नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मिल्टन कीन्समध्ये एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात त्यांची नोकरी आणि तिथेच घर. मी लेस्टरला, म्हणजे गाडीने तासाभरावर. महिन्यातले एक-दोन रविवार मी त्यांच्याकडे जेवायला असे, त्यामुळे पुढे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे. उरलेलं ताईने सांगितलेलं आहे, आणि ताई नवऱ्याबद्दल वाढवून सांगत नाही. तशी गरज पडत नाही.

दाजी ज्या काळातल्या पुण्यात वाढले त्या काळात टेलिफोन, गॅस आणि स्कूटर या वस्तू नुसत्या पैसे देऊन मिळत नसत. त्यांच्यासाठी नंबर लावायचा असे, आणि तो लागेपर्यंत घरातली मुलं शाळेतून कॉलेजात जात. अशा माणसाला इंग्लंडमध्ये पहिल्याच आठवड्यात, अर्ज केल्यापासून चौथ्या दिवशी, टेलिफोन मिळाला. दाजींना हे संशयास्पद वाटलं. दुसऱ्या कुणाचा फोन चुकून आपल्याकडे लागला असेल आणि तो परत न्यायला माणूस येईल, या हिशेबाने त्यांनी आठ दिवस त्याला हात लावला नाही. पुढे फ्रिज आला तो चार दिवस खोक्यातच हॉलमध्ये उभा होता, आणि दूध मागच्या अंगणात. ताईने विचारलं तर म्हणाले, आल्याआल्या उघडला तर आला काय आणि नाही काय. हॉटेलात पदार्थ लवकर पुढ्यात आला की तो कालचा आहे असं ते गृहीत धरत. "इथे सगळं मिळतं," ते मला एकदा म्हणाले, "पण लगेच मिळतं. त्यामुळे मिळाल्याचं कळतच नाही."

अशा माणसाच्या आयुष्यात व्हिडिओ गेमचा नवा कन्सोल आला, म्हणजे खरं तर यायचा होता. दाजींनी जन्मात गेम खेळलेला नव्हता. तो विषय त्यांच्या मुलीचा, माझ्या भाचीचा, मनूचा. मनू तिथेच जन्मली, तिथेच वाढली. तेरा-चौदा वर्षांची झाल्यापासून बाप-लेकीचं बोलणं 'ओके', 'फाइन' आणि 'माहीत नाही' या तीन शब्दांवर चाललं होतं. भांडण नव्हतं. भांडायलाही काही विषय लागतो. मग ती मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत गेली आणि दर रविवारी दुपारी तिचा फोन येऊ लागला. ताईशी अर्धा तास बोलून झालं की रिसीव्हर दाजींच्या हातात येई. दाजी हवामान विचारत, मनू हवामान सांगे, आणि रिसीव्हर परत ताईकडे जाई. एका रविवारी हवामान संपल्यावर मनू म्हणाली, "बाबा, नवीन कन्सोल येणार आहे. किती पाउंडला येणार? मला सेव्ह करायचे आहे." त्या दिवशी दाजी फोनवर पन्नास मिनिटं होते. ताईने हे सांगताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं होतं.

त्यानंतर किंमत हा दाजींचा धर्म झाला. कंपनी जपानी, किंमत जाहीर केलेली नाही, आणि इंटरनेटवर दर दोन दिवसांनी नवी अफवा. दाजींनी ऑफिसातल्या मोकळ्या वेळात एक तक्ता तयार केला. त्यात येनचा भाव, डॉलरचा भाव, साडेसतरा टक्के व्हॅट, जहाजाचं भाडं आणि शेवटी 'संकोच' नावाचा एक रकाना होता. इथला दुकानदार पुरा आकडा सांगायला लाजतो, म्हणून चारशे असेल तर तीनशे नव्व्याण्णव म्हणतो, असा त्या रकान्याचा अर्थ. दर रविवारी फोनच्या आधी ते नवा अंदाज चिठ्ठीवर लिहून देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाच्या पाटाखाली ठेवत, म्हणजे मागाहून आकडा बदलला असं कुणी म्हणायला नको. तिकडे मनू आपला अंदाज लिहून फ्रिजला चिकटवत असे. बाळकृष्ण हळूहळू वर चढू लागला. ताई म्हणाली, "अहो, देवाला तरी यातून सोडा." दाजी म्हणाले की देवाला या विषयात गती आहे की नाही ते किंमत जाहीर झाल्यावर कळेलच.

मला स्वतःला या सगळ्याचा ताप झाला तो गाडीत. मिल्टन कीन्सला दर पाव-अर्ध्या मैलावर एक राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालून बाहेर पडायचा गोल चौक, आहे, आणि दाजींचा नियम असा की बोलता बोलता राउंडअबाउट आलं तर मुद्दा पुरा झाल्याशिवाय त्यातून बाहेर पडायचं नाही. युरोपला माल कमी का येणार हे समजावताना त्यांनी मला एकदा चार फेऱ्या घडवल्या. तिसऱ्या फेरीला मी म्हटलं, दाजी, पेपरात असतो तर ही बातमी मी सोडली नसती, दुसरा सोर्स कुठे आहे? "संपादक," ते म्हणाले (मी संपादक कधीच नव्हतो), "बातमी आल्यावर कुणीही बोलेल. बोलायचं ते आधी." आणि पाचव्या फेरीच्या तोंडाशी डावीकडे वळले.

शॉपिंग सेंटरमधल्या गेमच्या दुकानात आगाऊ नोंदणी सुरू झाली त्या सकाळी दाजी दार उघडण्याआधी हजर होते. थोडी रक्कम भरून मनूच्या नावाने पावती मिळाली. पावतीवर नंबर नव्हता. दाजींनी काउंटरवरच्या भुवईत रिंग घातलेल्या तरुणाला आपला नंबर विचारला. तो म्हणाला, नंबर असा काही नसतो, माल आला की फोन करू. दाजी हलले नाहीत. मागे रांग वाढली, तेव्हा त्याने सुटका म्हणून पावतीच्या कोपऱ्यात बॉलपेनने सात लिहून दिलं. दाजी घरी आले ते सातवा नंबर लागल्याच्या आनंदात. मनूला फोन करून सांगितलं, मला सांगितलं, ताईने शिरा केला. महिन्याभराने, स्कूटरच्या डीलरकडे जसे लोक यादीतली आपली जागा तपासायला जात तसे दाजी दुकानात नंबर तपासायला गेले. या वेळी काउंटरवर एक मुलगी होती. तिनेही तेच सांगितलं, दाजींनीही तेच विचारलं, आणि तिने वैतागून तेवीस लिहिलं. त्या दिवशी दाजी जेवले नाहीत. सातावरून तेवीस, म्हणजे मधे सोळा लोक घुसले. "कुणीतरी वशिला लावलाय," असं ते मला खालच्या आवाजात म्हणाले, जणू मिल्टन कीन्सच्या गेमच्या दुकानात एखाद्या आमदाराची चिठ्ठी चालते. मनूने मात्र हे सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं आणि पुढचे तीन रविवार बाप-लेकीने त्या सोळा जणांच्या शोधात घालवले.

मग बातमी आली की युरोपातली विक्री काही महिने पुढे गेली आहे. साऱ्या देशातली पोरं हळहळली. दाजींनी ताईला पुन्हा शिरा करायला सांगितला. ताईने रवा भाजता भाजता माझ्याकडे नुसतं पाहिलं. नवऱ्याची वस्तू लांबली म्हणून गोड करणारी ती त्या देशातली बहुधा एकटीच बाई असेल. हा 'एकटीच' मी खोडलेला नाही.

किंमत शेवटी जाहीर झाली आणि मी त्या शनिवारी गेलो. बाळकृष्णाखालच्या शेवटच्या चिठ्ठीतला आकडा पाउंडापर्यंत बरोबर होता. इतक्या महिन्यांत दाजींचा अंदाज पहिल्यांदाच खरा ठरला होता, आणि त्यांचा चेहरा मात्र पैज हरलेल्या माणसाचा. भाजी आणायला आम्ही गाडीतून निघालो. पहिल्या राउंडअबाउटवर ते काही न बोलता दोन फेऱ्या फिरले. मी म्हटलं, दाजी, मुद्दा कुठला आहे?

"वडिलांनी स्कूटरला नंबर लावला तेव्हा मी आठवीत होतो," ते म्हणाले. "वडील फारसे बोलणारे नव्हते. पण स्कूटरचं बोलायचे. रोज संध्याकाळी. रंग कुठला, पुढे उभं कोण राहणार, पहिल्यांदा कुठे जायचं. सात वर्षं."

"मग?"

"मग स्कूटर आली. वडील स्कूटरवरून जायला लागले." त्यांनी गिअर बदलला. "पुढे काही बोलायला राहिलं नाही, रे."

आम्ही भाजी घेतली. परतताना दाजींनी फक्त एवढं विचारलं की कोथिंबीर ताईला पुरेल ना.

विक्रीच्या आधल्या आठवड्यात दुकानातून फोन आला की माल येतोय, सातवा नाही, तेविसावा नाही, सगळ्यांनाच मिळेल. दाजींनी रविवारी मनूला तसं सांगितलं. मी समोर बसलो होतो. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडून मनू काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण दाजींचे खांदे हळूहळू खाली आले. फोन ठेवून ते म्हणाले, "कॅन्सल करा म्हणतेय. फार महाग आहे. किंमत उतरली की घेऊ म्हणतेय." मग बोटांवर मोजत म्हणाले, "उतरायला वर्ष तरी लागेल. बारीक मॉडेल काढतील आधी." आणि ते कोरा कागद शोधायला उठले. बाळकृष्णाचा पाट पुन्हा चढू लागला.

पुढे दोनेक महिन्यांनी कामासाठी मँचेस्टरला गेलो, तेव्हा ट्रामने मनूच्या फ्लॅटवर डोकावलो. तीन मैत्रिणींबरोबर घेतलेला फ्लॅट. टीव्हीखाली तो काळा, चकचकीत कन्सोल होता. मी काही विचारण्याआधीच तिने सांगितलं की पहिल्याच दिवशी चौघींनी मिळून घेतला. फ्रिजवर मात्र तिच्या अक्षरात एक नवी चिठ्ठी होती, किंमत किती उतरणार याची.

"मामा, तुम्ही बाबाला सांगू नका हां," ती म्हणाली. तिचं मराठी घाईत नेहमी अडखळतं. "मी सांगलं तर मग संडेला आम्ही काय बोलणार?"

मी चहा प्यायलो आणि निघालो. पुढच्या रविवारी मी मिल्टन कीन्सला गेलो, तर जेवणाआधी दही संपल्याचं कळलं आणि दाजी गाडीची किल्ली घेऊन उठले. मीही गेलो. वाटेत त्यांनी मनूची खोली कशी आहे, थंडी लागते का, जेवते का, असं सगळं विचारलं. मग समोर बघत म्हणाले, "परवा फोनवर मागून काहीतरी वाजत होतं. गेमसारखं. टीव्हीखाली काय होतं रे तिच्या?"

अकरा वर्षं मी खात्रीची बातमी कधी अडवली नव्हती.

"दुजोरा मिळाला नाही," मी म्हटलं.

"बरं," दाजी म्हणाले. "म्हणजे अजून वाट बघतेय."

राउंडअबाउट आलं. रविवार दुपार, रस्ता पूर्ण मोकळा, कुठलाच मुद्दा अर्धवट राहिला नव्हता. दाजींनी तरीही एक फेरी जास्त मारली. मीही घाई केली नाही. घरी फोन वाजायला अजून वीस मिनिटं होती.