डावीकडची सीट

लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि कॉलेजात गेलं म्हणजे लिहिता येतं असंही नाही. तेव्हा वाचणाऱ्यांची आधीच माफी मागतो. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

माझे बाबा बहारीनला सलमाबादच्या एका गॅरेजात डेंटर आहेत. ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करतात. गॅरेजच्या मागेच आमच्या दोन खोल्या. तिथे भिंतीला लागून गोल पाठीची एक जुनी इंग्रजी गाडी उभी असायची. खाऱ्या हवेने दारं खालून खाल्लेली, सीटवर वाळू. स्टिअरिंग उजवीकडे, कारण बहारीनमध्ये गाड्या डाव्या बाजूने चालायच्या तेव्हाची ती होती. लहानपणी मी तिच्यात बसून पाढे म्हणायचो. आपण दोघं ही चालू करू या, असं मी बाबांना म्हटलं की ते म्हणायचे, बघू. ते ‘बघू’ मी होकार समजून जपून ठेवलं होतं.

बारावीत असताना माझा एक वर्गमित्र वह्या न्यायला आला. अदलियाला राहणारा, वडील पुण्याचे, इंजिनीअर. तो गाडीभोवती दोनदा फिरला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्या वडिलांनी ती आमच्या अरबाबाकडून, म्हणजे गॅरेजच्या मालकाकडून, विकत घेतली. बाबांनी दुरुस्तीचं कबूल केलं. त्यांची अट एकच: त्या मुलाने स्वतः राबायचं.

मग तो दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, येऊ लागला. पत्र्यामागे लोखंडी ठोकळा कसा धरायचा, हातोडी किती हलकी टाकायची, हे बाबा त्याला शिकवत. त्याचा तळवा आपल्या हातात घेऊन पत्र्यावरून फिरवत, चढ कुठे लागतो ते विचारत. मी खिडकीत, पुढ्यात फिजिक्स. एक पानही डोक्यात शिरत नसे. घरात गप्प जेवून झोपणारे बाबा तिथे हसत होते. “काका, धिस डोअर इज माइन हां,” असं तो म्हणाला तरी हसत होते.

एकदा मी न राहवून गेलो आणि पॉलिश पेपर उचलला. बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

“तुजे हात पुस्तकाक होये.”

“आणि त्याचे?”

“तेका चलता. तेचो बापूस इंजिनीअर आसा.”

मी परत खिडकीत जाऊन फिजिक्स उघडलं.

गाडी चालू झाली तेव्हा आम्ही तिघं सखीरच्या रस्त्याला गेलो. चालवत तो होता. आता तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे उजवीकडे बसून चालवणाऱ्याला पुढच्या ट्रकपलीकडचं दिसत नव्हतं. डावीकडे बसणाऱ्याने मान बाहेर काढून सांगायचं आणि त्याने गाडी काढायची. डावीकडे अर्थातच बाबा. “थांब, थांब. यल्ला, आता जा.” आणि तो स्वतः काही न बघता जायचा. एवढा भरवसा बाबांवर टाकायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. परतताना मी म्हटलं, आता मी पुढे बसून सांगतो.

“मागे बरा आहेस,” बाबा म्हणाले. “पुस्तक आणलं नाहीस?”

दोघं हसले. मीही हसलो, पण घर येईपर्यंत त्याच्या मानेकडे बघत होतो.

मग मी कोल्हापूरला कॉलेजात आलो आणि तो पुण्याला इंजिनीअरिंगला गेला. निदान आता शुक्रवार मोकळे झाले, एवढं समाधान मी मानून घेतलं. सुट्टीत जाईन, बाबांना हक्काने सांगेन, आता शिकवा, असं ठरवून होतो.

परवा बहारीनहून आमच्या गावचे एक काका रजेवर आले. खाऊची पिशवी देताना म्हणाले, “तुज्या बापाशीक थंय दुसरो झील गावलो.” बाबांना तिथे दुसरा मुलगा मिळाला? मला वाटलं, थट्टा. मग त्यांनी नीट सांगितलं. माझ्या मित्राने कॉलेज सोडलं. घरी मोठं भांडण झालं. शेवटी अरबाबानेच कामाचा व्हिसा काढून दिला आणि तो आता आमच्या गॅरेजात रोज बाबांच्या हाताखाली काम करतो. जेवायलाही आमच्याकडेच असतो.