सरकारने बोलायचं नाही

आमच्या शनिवार मंडळाचे किस्से मला जमवावे लागत नाहीत. दर शनिवारी सकाळी एखादा तरी माझ्याबरोबर घरी येतोच. बायको दार उघडतानाच विचारते, "आज कोणाचं कोणाशी वाजलं?" आणि मी बूट काढायच्या आत सुरू होतो. एक सांगायला घ्यावा तर त्यातून दुसरा आठवतो, आणि तेवढ्यात चहा गार होतो.

मी मूळचा सांगलीचा. नोकरी पीथमपूरच्या एका कारखान्यात आणि बिऱ्हाड इंदूरला. स्नेहलतागंजात एका मराठी संस्थेच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. तिथे आम्ही काही जण जमतो आणि सरकार, टॅक्स, युद्ध, जे हाताला लागेल त्यावर भांडतो. मराठीत! आठवडाभर फक्त हिंदीत हुज्जत घालणाऱ्या माणसाला विचारा, मराठीत भांडायला मिळणं म्हणजे काय चैन असते ती.

मंडळ चालवतात वसुधाताई. नागरिकशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका, जन्म इंदूरचा, आणि आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

*

पहिल्या दिवशी मी मोठ्या तयारीने गेलो होतो. टॅक्सवर बोलायचं ठरवून, आरशासमोर तालीम करून! दारातच वसुधाताईंनी मला हाताची खुर्ची दाखवली. खोलीत हात असलेली खुर्ची तेवढी एकच.

"बसा भिया. नवा माणूस आला की त्या दिवशी तोच सरकार!"

मी खूश. ऐटीत बसलो आणि घसा साफ केला.

"सरकारने बोलायचं नाही!" सगळे एकदम ओरडले.

मग नियम कळले. दर शनिवारी एक जण सरकार. त्याला कामं तीन. प्रत्येकाला ठरलेली वेळ द्यायची, हाणामारी होऊ द्यायची नाही, आणि शेवटी सगळ्यांना पोहे-जिलबी खिलवायची, तीही स्वतःच्या खिशातून. स्वतःचं मत मात्र मांडायचं नाही.

"हा कसला नियम?" मी विचारलं.

"अंपायरने बॅटिंग करायची नाही, मतलब नाही," वसुधाताई म्हणाल्या. "आणि आता आपण बोललात, सरकार. गप्प बसा!"

*

आमच्यातला सर्वांत तरुण निनाद. पुण्याचा, इथे आयटीत. तो स्वतःला प्युअर लिबर्टेरियन म्हणवतो. त्याच्या मते सरकार नावाची गोष्टच नको. रस्ते, पाणी, पोलीस, सगळं प्रायव्हेट करा, लोक आपापसात करार करतील आणि सुखाने राहतील. वसुधाताईंना तो तोंडावर म्हणायचा, "ताई, तुम्ही मवाळ लिबर्टेरियन. अर्धवट!"

ताई म्हणायच्या, "मवाळ म्हणजे घाबरट नाही रे. मला सरकार हवंय, पण अंगणाच्या बाहेर उभं राहणारं."

एका शनिवारी निनाद आला तो लालबुंद होऊन. त्याच्या पार्किंगच्या जागेत शेजाऱ्याने रातोरात भिंत उभी केली होती.

"मग करार कर ना त्याच्याशी," मी म्हणालो.

"तो मारायला धावतो! ताई, तुमच्या ओळखीचा कोणी टीआय, इन्स्पेक्टर आहे का पोलीस ठाण्यात?"

खोलीत असा हशा पिकला की खालचा चौकीदार वर आला. ताई मात्र हसल्या नाहीत. पदर खोचून त्याच्याबरोबर ठाण्यात गेल्या. परत येताना म्हणाल्या, "ठाणं ठेवू, कोर्ट ठेवू. बाकीचं एकेक करून बघू, चलेगा?"

निनाद म्हणाला, "भिंत पडेपर्यंत चलेगा."

*

सबनीसकाकांचं दुसरं टोक. त्यांचे आजोबा संस्थानात कारभारी होते, म्हणून काकांना अजून वाटतं की फौजेची हालचाल आपल्याला विचारून व्हावी. टीव्हीवर सीमेची बातमी आली की शनिवारी काका भिंतीवरच्या नकाशासमोर उभे!

"देखो, एकच बार घुसायचं. इकडून पण आणि तिकडून पण. दोन दिवसांत मामला खतम! दुनियेत सगळ्यांना सरळ करून टाकू आपण!"

ताईंनी शांतपणे विचारलं, "सबनीसजी, नातू कुठे आहे सध्या?"

"कॅनडात. का?"

"बोलवून घ्या. पहिल्या तुकडीत त्याचं नाव घालू."

काकांनी नकाशावरचं बोट काढून घेतलं.

"कोणी आपल्या दारात आलं तर मी पण लाटणं घेऊन उभी राहीन," ताई म्हणाल्या. "पण दुनियाभर लोकांची दारं ठोकत फिरायला दुसऱ्यांची मुलं पाठवायची नाहीत. व्यापार सगळ्यांशी करा, लढाई दारातली."

काका खाली बसले आणि पाणी मागितलं. त्या दिवशी ते जिलबीला 'नको' म्हणाले. हे इंदुरात फार गंभीर समजतात.

*

ताईंचं परराष्ट्र धोरण आम्ही घरातल्या घरात पण पाहिलं. आमच्या डावीकडच्या खोलीत बायकांचं भजनी मंडळ, उजवीकडच्या खोलीत टेबल टेनिसवाले. दोघांचं एकमेकांशी वाकडं. टेबल टेनिसवाल्यांचा सेक्रेटरी आमच्याकडे आला. "भजनवाल्यांच्या विरोधात तुम्ही आमच्याबरोबर या. मग त्यांची खोली आपण दोघं वाटून घेऊ!"

सबनीसकाकांचे डोळे चमकले. ताई म्हणाल्या, "तुम्हाला खुर्च्या लागल्या तर न्या. त्यांना लागल्या तर त्या पण नेतील. भांडण तुमचं तुमच्याकडे ठेवा."

महिनाभर असंच चाललं. दोन्हीकडचे चहा प्यायला आमच्याकडे! मग एका शनिवारी येऊन बघतो तर भजनवाल्यांचा रस्ता अडवायला टेबल टेनिसवाल्यांनी कपाट सरकवलेलं, आणि ते आलेलं नेमकं आमच्या दारात. ताईंनी शब्द न बोलता ढकलायला सुरुवात केली. आम्ही धावलो. कपाट थेट टेबल टेनिसच्या टेबलाला जाऊन भिडलं.

निनाद धापा टाकत म्हणाला, "ताई, तुम्ही तर भांडणात पडत नाही ना?"

"पडत नाही. पण दार आपलं आहे!"

*

आता खजराण्याच्या गणपतीचा किस्सा, कारण पुढचं सगळं त्यातून सुरू झालं.

एका बुधवारी आम्ही त्या देवळात गेलो होतो. बाहेर फुलांच्या दुकानांपर्यंत लाइन. निनाद खूश होऊन म्हणाला, "बघा ताई, ही लाइन कोणत्या सरकारने लावली? लोकांनी आपली आपण लावली!" एवढ्यात हॉर्न वाजवत एक गाडी आली आणि एक शिपाई लोकांना बाजूला करायला लागला. ताई जागच्या हलल्या नाहीत.

"भिया, लाइन आम्ही लावलीय. ती कोणी मोडू नये म्हणून तुम्ही आहात. आणि तुम्हीच मोडून राहिलात?"

शिपाई गोंधळला. मागून लोक ओरडले, "अम्मा सही बोल रही है!" गाडीची काच खाली झाली. आत आमच्याच संस्थेचे अध्यक्ष, दादासाहेब रेगे!

ताईंनी हात जोडले. "नमस्कार दादासाहेब. या ना मागे. प्रसाद तोच मिळतो."

काच वर गेली. गाडी वळून निघून गेली, आणि लाइनमध्ये लोकांनी टाळ्या वाजवल्या.

*

पुढच्याच आठवड्यात खोलीच्या दारावर नोटीस. यापुढे मंडळाने विषय आधी अध्यक्षांकडून मंजूर करून घ्यावेत. सरकार आणि परराष्ट्र हे विषय घेऊ नयेत. मान्य असेल तर खाली सही करावी, नसेल तर खोली बंद.

मला संतापच आला. या शहरात माझं असं काय आहे? ऑफिसचं टेबल, भाड्याचं घर आणि ही खोली. इथे मला कोणी गप्प बसवलं ते फक्त मी सरकार असताना!

सबनीसकाका म्हणाले, "ताई, सही करून टाकू. विषय काय, पाककृतीवर पण बोलता येतं. खोली तर राहील."

"खोली राहील," ताई म्हणाल्या, "मग आपण तिथे बसून करू काय? आज विषय विचारून घ्यायचा, उद्या हसायचं पण विचारून?" मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "मुलांना चाळीस वर्षं हेच शिकवलं मी. आता या वयात सही नाही करणार."

कोणीच सही केली नाही. काकांनीही पेन खिशात ठेवलं, पण काळजीतच.

*

आणि मग तो शनिवार. दादासाहेब स्वतः जिना चढून वर आले. हातात पितळेचं भलंमोठं कुलूप.

"आज ही खोली बंद होणार."

"ठीक," ताई म्हणाल्या. "पण मंडळात पहिल्यांदा आलात. बसा तरी." आणि हाताची खुर्ची पुढे ओढली. "नवा माणूस आला की त्या दिवशी तोच सरकार!"

दादासाहेबांचा चेहरा जरा खुलला. कुलूप टेबलावर ठेवून ते ऐसपैस बसले.

"आजचा विषय," ताई म्हणाल्या, "हे मंडळ बंद करावं की नाही?"

"माझं स्पष्ट मत असं आहे की..."

"सरकारने बोलायचं नाही!"

सगळ्यांत आधी कोण ओरडलं असेल? सबनीसकाका!

ताईंनी तिन्ही कामं समजावून सांगितली. दादासाहेबांना उठावंसं वाटत होतं, पण खुर्चीही सोडवत नव्हती.

पहिला उभा राहिला निनाद, आणि त्याने घात केला. "संस्था प्रायव्हेट आहे. खोली तिची. ती केव्हाही बंद करू शकते. प्रिन्सिपल म्हणून दादासाहेब बरोबर आहेत!"

दादासाहेब जोरात मान डोलवायला लागले.

"संस्था मेंबरांची आहे! एकट्या अध्यक्षाची नाही!" काका कडाडले. "तुझ्या भिंतीसाठी ठाण्यात आलेल्या बाईच्या खोलीला कुलूप लावतोस, नालायक?"

काका धावले, निनादने बाही सारली. आम्ही सगळे खुर्चीकडे बघायला लागलो. दादासाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि टेबलावर हात आपटला.

"एकेकाने बोला! सबनीस, खाली बसा! आणि तू... तुझी वेळ संपली. बस!"

"पण सर, मी तुमच्याच बाजूने..."

"वेळ संपली म्हणजे संपली!"

मग त्यांनी प्रत्येकाला बोलू दिलं. मला पण! मी काय बोललो ते आठवत नाही. खूप बोललो एवढं आठवतं. मध्ये दोनदा दादासाहेबांचं तोंड उघडलं आणि दोनदा त्यांनी ते स्वतःच मिटलं. शेवटी पोहे आले, जिलबी आली, आणि त्यांनी मुकाट्याने पाकीट काढलं.

खाऊन झाल्यावर ते उठले आणि कुलूप हातात घेतलं.

"मग हे लावतो आता."

"सरकारला ते काम दिलेलं नाही," ताई म्हणाल्या.

दादासाहेबांनी कुलूप परत टेबलावर ठेवलं.

"अहो, पण मला पण बोलायचंय! मी बोलायचं तरी कधी?"

"पुढच्या शनिवारी," वसुधाताई म्हणाल्या. "खोली उघडी असली तर."